मी, लाल-निळा तक्ता, आणि अण्णासाहेबांचं पत्र

मित्रांनो, मी हुकूम सोडणारा एक जुना तक्ता आहे. हसू नका. तुमच्या शाळेच्या भिंतीवर फळं-फुलं, हाडांचा सापळा, दातांची निगा असे तक्ते असतात, ते बिचारे गरीब. माझ्या अंगावर इंग्रजीतली बंधनं आणि सल्ले आहेत. डाव्या बाजूला लाल रंगात 'मस्ट' आणि 'हॅव टू', म्हणजे करायलाच पाहिजे, सुटका नाही. उजव्या बाजूला निळ्या रंगात 'शुड' आणि 'ऑट टू', म्हणजे केलेलं बरं, पुढं बघा बुवा तुमचं तुम्ही. खाली ऑफिसातले शब्द दाटीवाटीनं बसवलेत: मीटिंग, डेडलाइन, रिमाइंडर, रिग्रेट. भोकरदनच्या बसस्टँडमागं, बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर एक बिझनेस इंग्लिशचा क्लास आहे. तिथं मी तेवीस वर्षं टांगलेला आहे.

माझा जन्म संपत पेंटरच्या ओट्यावर झाला. पाच फूट मांजरपाट, त्यावर पांढरा ऑइलपेंट, वर-खाली लाकडी पट्टी आणि टांगायला सुतळी. संपतला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं. बैलाचं चित्र काढावं तशी तो अक्षरं काढायचा. क्लासचे राजानंद सर शेजारी स्टुलावर बसून एकेक अक्षर दाखवायचे, आणि संपत विचारायचा, "सर, ह्याचं पोट कोणीकडं?" एवढं असून त्यानं माझ्यात एक चूक केली नाही, हे सांगून ठेवतो. त्याच्या मराठी पाट्यांबद्दल मात्र न बोललेलं बरं.

राजानंद सरांच्या दोन पद्धती होत्या. पहिली माझ्यावर बेतलेली. सुटी होण्याआधी प्रत्येकानं माझ्यापुढं यायचं, एका शब्दावर बोट ठेवायचं आणि त्या शब्दाचं एक वाक्य स्वतःबद्दल बोलायचं. त्याशिवाय चप्पल घालायची नाही. तेवीस वर्षांची बोटं लागून 'मस्ट'चा लाल रंग पार फिकट झालाय. दुसरी पद्धत पत्रांची. सरांकडं अकरा इंग्रजी पत्रं होती. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, माल उशिरा आल्याची तक्रार, अशी. ती घोकायची, नाव आणि तारीख बदलायची, झालं. "अकरा पत्रांत दुनिया बसते," असं सर म्हणायचे. मलाही ते पटायचं. त्या पत्रांच्या जिवावर आमची पोरंपोरी जालन्याच्या बियाणे कंपन्यांत, स्टीलच्या कारखान्यांत चिकटली होती. आदिनाथ नावाच्या एका पोरानं तर नोकरी लागल्यावर माझ्यापुढं नारळ फोडला. पाणी माझ्या 'ऑट टू'वर उडालं, तो डाग अजून आहे.

मागच्या वर्षी सरांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि मला दाराजवळच्या भिंतीवर हलवलं. पोरं माझ्या पट्टीला दप्तरं अडकवायला लागली. काय करता? नवं ते सोनं. कापडाला वाईट वाटतं की नाही, हे मला तेव्हा नक्की सांगता आलं नसतं.

त्याच वर्षी ऑगस्टात एक साठीचे गृहस्थ माडी चढून आले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एकच कागद.

"जय भीम सर. मी प्रेमचा बाप. अण्णासाहेब."

"जय भीम, जय भीम. या ना, बसा." सर एकदम खुलले. आठ वर्षांपूर्वी प्रेम ह्याच खोलीत शिकला होता. बसल्या बसल्या एवढा पाय हलवायचा की अख्खा बाक हलायचा. इथूनच तो पुण्याकडच्या एका कारखान्यात गेला होता. "कसाय आपला प्रेम?"

"गेला तो. मशीनमधी. सव्वा महिना झाला."

पोत्याचं वजन सांगावं तसं त्यांनी सांगितलं. अण्णासाहेब मार्केट यार्डात मापाडी होते, तीस वर्षं काट्यापाशी उभं राहिलेला माणूस. त्यांनी कागद सरांपुढं ठेवला. सरांनी तो वाचला, परत वाचला, आणि मग हळू आवाजात मराठीत सांगितला. कंपनीनं लिहिलं होतं की मशीनला सुरक्षेची जाळी लावूनच काम करायला पाहिजे होतं, प्रेमनं ते केलं नाही, अपघात त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला, आणि हे सगळं वडिलांना मान्य आहे. खाली सहीची रेघ. दिवाळीच्या आत सही करून पाठवायची, मग कंपनी पैसे देणार.

"जाळी कंपनीनंच काढून ठिवल्ती सर," अण्णासाहेब म्हणाले. "प्रेमनं मला फोटो पाठवल्ता. साहेबाला बी सांगितल्तं त्यानं. साहेब म्हणे, जाळी लावली की काम हळू होतंय."

"मंग मी लिहून देतो उत्तर. आत्ता देतो."

"न्हाई. नेटवाल्याकडून दोन पत्रं धाडून पाह्यलो. त्यानं काय लिव्हलं मला ठावं न्हाई, ते काय म्हणतेत तेबी ठावं न्हाई. मला शिकवा."

"मोबाईल मराठी करून देतो की, अण्णासाहेब."

"मोबाईलला कुठं ठावं हाय, प्रेम कसा होता?"

सरांनी हजेरीपटात शेवटी त्यांचं नाव लिहिलं.

तेव्हापासून रोज पाचच्या ठोक्याला अण्णासाहेब यायचे. यार्डातून थेट, अंगावर मक्याचा भुसा. टीव्ही त्यांना दिसायचा नाही, डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ते माझ्यासमोर बसायचे. मला विद्यार्थी मिळाला, पण त्याचा आनंद करावा असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते रडत नव्हते, चिडत नव्हते. दिलं ते लिहायचे. शेजारी दैवशाला बसायची, शेतकऱ्याची पोर, बोलण्यात मिरची. तिनं एकदा विचारलं, "काका, चहा?" हो म्हणाले. "बिस्कीट?" हो. "अजून एक?" हो. ती देत राहिली, ते खात राहिले. अख्खा पुडा संपला तेव्हा तीच घाबरून थांबली. त्यानंतर तिनं त्यांची थट्टा केली नाही.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो, मित्रांनो. माझी निळी बाजू पुरली नसती एवढे सल्ले त्यांना मिळाले. भाऊबंद म्हणायचे सही करून टाका, कंपनीशी कोण भांडणार. यार्डातले हमाल म्हणायचे सही करा, चार पैसे पदरात पडतील. एके दिवशी सरच चाचरत म्हणाले, "अण्णासाहेब, रागावू नका, पण सही केलेली बरी. पोरगं तर काही परत येत न्हाई."

"सर, पोतं कमी भरलं तर मी कमीच सांगतो. जास्त भरलं तर जास्त. तीस वर्षं झाली. मंग पोराचंच माप खोटं सांगू का?" आवाज चढलाही नाही. "घरी त्याची माय, बेबीनंदा, म्हणती, पोराला चुकार ठरवून आलेला घासबी नको."

बोट ठेवायची वेळ आली की ते नेहमी निळ्या बाजूला जायचे. 'शुड'वर बोट ठेवून म्हणायचे, मी रोज यावं. मी नीट लिहावं. दैवशाला म्हणाली, "काका, कधी लाल शब्दाला बी हात लावा की." ते म्हणाले, "आपुन कोनाला हुकूम सोडायचा, बाई?" जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम ऐकलेलं ते बोट, ते लालकडं वळायचंच नाही.

आणि मग ते पत्र गेलं.

ते त्यांनी कोणालाच दाखवलं नाही. आठ आठवडे झाले होते, दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. त्यांनी घरी बसून स्वतः लिहिलं, स्वतः मोबाईलवरून धाडलं, आणि दुसऱ्या दिवशी वही सरांपुढं धरली. आठ आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल दिसला. सर वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

तो रजेचा अर्ज होता. अकरा पत्रांतलं पहिलं, आणि अण्णासाहेबांना सातवीपासून येणारं एकमेव. आपल्याकडं ज्याला इंग्रजीचं एकच पत्र येतं, त्याला ते हेच येतं. त्यात 'ताप आल्यामुळे'च्या जागी त्यांनी लिहिलं होतं 'मरण पावल्यामुळे'. माझा मुलगा प्रेम अण्णासाहेब इंगळे मरण पावल्यामुळे कामावर येऊ शकत नाही. मशीनला जाळी नव्हती. त्यानं साहेबांना सांगितलं होतं. कृपया त्याची रजा मंजूर करावी. आपला आज्ञाधारक.

"अण्णासाहेब," सर म्हणाले, "ही शेवटची ओळ... रजा मंजूर करावी, ही कशाला लिहिली?"

"ती ऱ्हातीच ना सर? तिच्याबिगर पत्र कुठं संपतंय?"

त्यांना वाटलं होतं, आपल्याकडं पत्राच्या शेवटी 'कळावे' असतं तशी इंग्रजीत ती ओळ असते. सरांनीच शिकवलं होतं की नाव आणि तारीख सोडून काही बदलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीकडून उत्तर आलं. भर क्लासात मोबाईल वाजला, अण्णासाहेबांनी तो दैवशालाकडं दिला. तिनं दोन ओळी मनात वाचल्या आणि मोबाईल सरांकडं सरकवला. सरांनी वाचला आणि बाकावर पालथा ठेवला.

"काय म्हणतेत?" अण्णासाहेबांनी विचारलं.

खाली दुकानात कोणीतरी हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव करत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"सर, काय म्हणतेत?"

"म्हणतेत..." सरांनी घसा साफ केला. "रजेचा अर्ज नामंजूर. कर्मचाऱ्यानं स्वतः अर्ज करायला पाहिजे."

कोणा कारकुनानं, नाहीतर कारकुनाच्या संगणकानं, वरचं न वाचता शेवटची ओळ वाचली होती. अण्णासाहेबांनी मान हलवली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "त्यानं स्वतः यायला पाहिजे."

मोबाईल खिशात ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि ते जिना उतरले. त्या दिवशी कोणीच माझ्यावर बोट ठेवलं नाही. मित्रांनो, मी तेवीस वर्षं रुबाबात टांगलेला, पण त्या संध्याकाळी मला माझी लाज वाटली. एवढे लाल-निळे शब्द अंगावर घेऊन मी करतो तरी काय होतो?

दुसऱ्या दिवशी ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पाचला आले. भुसा झटकला, बसले, वही उघडली. सर उठले, टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"अण्णासाहेब, चूक माझी हाय. मी तुम्हाला दुसऱ्याची पत्रं शिकवून राह्यलो. आज इंग्रजी बिलकुल न्हाई. तुम्हाला त्यांना काय सांगायचंय, ते मला सांगा. आपल्या बोलीत."

अण्णासाहेब खूप वेळ माझ्याकडं बघत बसले. सरांनी घाई केली नाही. दैवशालानंही जीभ चावून धरली.

"जाळी तुमच्या माणसानं काढली," शेवटी ते म्हणाले. "पोरानं सांगितल्तं. तुम्ही ऐकलं न्हाई. आता खरं लिव्हा. तवर सही न्हाई."

"झालं पत्र," सर म्हणाले.

चार ओळींचं इंग्रजी करायला दोन तास लागले. शब्द सरांनी सांगायचे, वाक्य अण्णासाहेबांनी जुळवायचं. 'आता खरं लिव्हा' ह्यापाशी गाडी अडली. त्यांनी सवयीनं निळा शब्द घेतला. सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांना सल्ला देऊन राह्यले. ऐकलं तर ऐकलं, न्हाई तर न्हाई. तसंच म्हणायचंय का?" अण्णासाहेब उठले. माझ्यापुढं उभे राहिले. डाव्या बाजूला आले आणि 'मस्ट'वर बोट न ठेवता अख्खा पंजाच ठेवला. हात खरखरीत होता आणि थंडगार. पत्राखाली आज्ञाधारक-बिज्ञाधारक काही नाही. नुसतं नाव, आणि प्रेमनं पाठवलेला जाळीचा फोटो.

दिवाळी आली आणि गेली. सहीची मुदत संपली. भाऊबंद म्हणाले, घ्या, तेलबी गेलं, तूपबी गेलं. अण्णासाहेब पाचला यायचे, सहाला जायचे. तोंडावर तेच, ना ऊन ना सावली.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी फोन आला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडच्या बाईंनी आधी भराभर इंग्रजी झाडलं. मग इकडची शांतता ऐकून त्या थांबल्या.

"काका, मराठीत बोला. मी अर्पिता, कंपनीतून. मी परभणीचीच आहे."

सर हसले, दैवशालानं टाळीच द्यायला हात उचलला. सुटलो, असंच सगळ्यांना वाटलं. अण्णासाहेब मात्र उभे राहिले.

"न्हाई मॅडम. कागद तुम्ही इंग्रजीत धाडला. आता माझंबी इंग्रजीत ऐका."

आणि ते बोलले. "माय सन टोल्ड. युवर मॅन नॉट लिसन. यू मस्ट राइट ट्रू. आय नॉट साइन." माझ्या मुलानं सांगितलं होतं, तुमच्या माणसानं ऐकलं नाही, तुम्ही खरं लिहायलाच पाहिजे, मी सही करत नाही. शब्दागणिक श्वास घेत बोलले. मी व्याकरणाचा तक्ता. त्यात मला चारपाच चुका दिसल्या, आणि एकही काढायची माझी छाती झाली नाही.

मग त्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचा फोटो मी आज पाहिला. तो आधी कोणी उघडलाच नव्हता. माझ्या हातात फार नाही, पण हा कागद मी वरच्या साहेबांपुढं ठेवते." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढं काय झालं, वर कोण कोणाशी बोललं, ते भिंतीवरच्या तक्त्याला कसं कळणार? डिसेंबरात मोबाईलवर नवा कागद आला, एवढं मला माहीत आहे. दैवशाला खाली जाऊन तो छापून घेऊन आली. जिन्यातच तिनं वाचला असावा, कारण तिचे डोळे भरलेले होते. तिनं कागद काकांच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली.

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. मोठ्यानं. एकेक अक्षर लावत. अडले की थांबायचे, मागं जायचे, परत यायचे. एका पानाला पाऊण तास लागला. सर सांगायला पुढं झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. कामाच्या वेळी मशीनला जाळी नव्हती, असं त्यात होतं. प्रेम इंगळे यांनी ही गोष्ट वरिष्ठांना आधीच कळवली होती, असं होतं. अपघाताला ते जबाबदार नव्हते, असं होतं. आणि शेवटी, त्यांच्या मृत्यूबद्दल आम्हाला खेद आहे. 'रिग्रेट' हा शब्द माझ्या अंगावरही आहे. तो त्यांना एका झटक्यात वाचता आला.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"गेला माझा प्रेम, सर," ते म्हणाले. "आता गेला."

आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा अण्णासाहेब रडले. तोंडाला पंचा लावून, लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. तोवर पोरगा त्या चुकीच्या कागदात अडकून पडलेला होता. त्याला सोडवायच्या नादात बापाला रडायची सवडच झाली नव्हती. सरही रडले. दैवशाला उठून काकांच्या पायाशी बसली. मला वाईट वाटलं, मित्रांनो. फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. जरा वेळानं ते उठले, हौदावर तोंड धुऊन आले, आणि माझ्यासमोरच्या बाकावर कागद ठेवून सही केली. मराठीत.

मित्रांनो, माझं वय झालं. कडेनं दोरे सुटलेत, पट्टीला कीड लागलीय. एखाद्या दिवशी सर मला गुंडाळून माळ्यावर टाकतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. माझं सोडा. पण तुम्ही शिकलेली लेकरं आहात, घरात कागद येतात ते तुम्हाला वाचता येतात, म्हणून एक सांगतो, आणि हा सल्ला नव्हे. तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस सही करायला पेन उचलत असेल, तर आधी तो कागद त्यांना वाचून दाखवा. पूर्ण वाचा. त्यांच्या बोलीत सांगा. आणि ऐकता ऐकता ते एखाद्या ओळीवर गप्प झाले, तर तुम्हीही गप्प बसा. पान उलटायची घाई करू नका.